पलंगाखालची आरण

आमच्या घरी नवा पाहुणा आला की पलंगावर टेकतो, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलतो आणि मग नाक वर करून विचारतो, "मातीचा वास कुठून येतोय हो?" मी म्हणते, "तुमच्या बुडाखालून." पाहुणा ताडकन उठतो. मग मी चादर वर करून दाखवते. पलंगाखाली विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा वाळलेला पाला, त्यावर बटाटे, बटाट्यांवर भाताचा पेंढा आणि सगळ्यांवर जाड गोणपाट. नालासोपाऱ्याच्या भर वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, वन रूम किचनमध्ये बटाट्याची आरण. आरण म्हणजे बटाटे टिकवण्यासाठी घातलेली रास. माझ्या सासूच्या गावाकडे, मंचरच्या वरच्या अंगाला, ती शेताच्या कडेला झाडाच्या गार सावलीत घालतात. आमच्याकडे झाड नाही, म्हणून पलंग.

मी स्वतः पाचूबंदरची, कोळ्याची पोर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तांडेल होते. बोट त्यांच्या हुकमावर चालायची आणि घरही. मी दहावीत असताना आई गेली. मग घरात आबा, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. ताटात म्हावरं, म्हणजे मासळी, नसेल तो दिवस आम्ही उपासाचा धरायचो. बटाटा ही काही खायची वस्तू आहे असं आमच्याकडे कुणी मानतच नव्हतं. जेवायला माणसं वाढली की कालवणात दोन बटाटे चिरून टाकायचे, पातेलं भरलेलं दिसावं म्हणून. किंवा पावसाळ्यात, दोन महिने मासेमारी बंद असते, बोटी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा सुक्या जवळ्याला जोडी म्हणून. या बटाट्याशी माझा जन्माचा संसार होणार आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नवरा बर्फाच्या गाडीवर होता. बोटी दर्यात निघायच्या आधी बर्फ भरायला लागतो, तो घेऊन यायचा. बोलायला महाकंजूस, पण आमच्या बोटीला बर्फ मात्र दोन घमेली जास्त टाकायचा. आबा खूश. म्हणायचे, "पोरगा दिलाचा मोठा हाय." त्या जास्तीच्या बर्फाचं कारण त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुलगा घाटावरचा, आई गळ्यात तुळशीची माळ घातलेली, घरात मासळीचा वाससुद्धा चालत नाही. आबांना जातीचं एवढं लागलं नाही, जेवढं ताटाचं लागलं.

"ज्या घरात म्हावरा शिजत नाय, तिथं माझी पोर खानार काय? बटाटं?"

मी तोंडाळ. गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. मी म्हटलं, "हो, बटाटं!"

"मग खा. तुझ्या घरचं पानी बी मी पिनार नाय."

झालं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे बापालाही लागू आणि लेकीलाही. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, आबा आले नाहीत. माहेर त्यांनी मला तोडलं नाही, तेवढं खरं. पण मी दारात पाऊल टाकलं की त्यांना बोटीवर काम निघायचं. भर जूनमध्ये, बोट ताडपत्रीखाली झाकलेली असतानासुद्धा काम निघायचं. मी वहिनीशी बोलत बसायची आणि खिडकीतून दिसायचं, आबा बोटीच्या सावलीत पाठ करून बसलेत. पाठच बघून यायचं.

इकडे सासूचा कारभार. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बाई उंच, हाडकुळी, मोजकं बोलणारी. खोटं बोलणार नाही आणि गोडही बोलणार नाही. शिमग्याच्या सुमाराला गावाहून दिरांच्या टेम्पोत बटाट्याच्या तीन गोण्या यायच्या, त्या श्रावणापर्यंत पुरवायच्या. घरात तेव्हा ओढगस्त होती. त्यात मासेमारी बंद झाली की बर्फही बंद, म्हणजे माहेरची चूल आणि सासरची चूल दोन्ही एकाच वेळी मंदावणार. हे माझ्या लक्षात यायला लग्न व्हावं लागलं. तोवर मला वाटायचं, बंदी फक्त कोळ्यांनाच असते.

गोण्या आल्या की आत्याबाई मला खाली बसवायच्या आणि एकेक बटाटा हातात घ्यायला लावायच्या. कुदळीचा घाव लागलेला वेगळा, तो आधी खायचा. साल निघालेला वेगळा, तो आठवड्यात संपवायचा. बाकीचे रासेला. धुवायचं नाही, अंगावरची माती तशीच ठेवायची. शेजारी कांदा ठेवायचा नाही. "दोघांचं जमत न्हाई. कांदा जवळ आला की बटाट्याला मोड फुटत्यात," असं सांगायच्या, जशा काही दोघांच्या भांडणात त्या मध्ये पडल्या होत्या. दर सोमवारी पलंगाखाली हात घालून रास चाळायची. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी आणि नाकाने. एक नासका राहिला की शेजारचे चार गेले. मोड दिसला की खुडायचा. आणि मुख्य म्हणजे उजेड लागू द्यायचा नाही. हे मुख्य त्यांनी मला सांगितलं होतं का नव्हतं यावर आमचा अजून वाद आहे. त्या म्हणतात सांगितलं होतं. मी म्हणते, सांगितलं असतं तर पुढचं रामायण झालंच नसतं.

रांधण्याचंही तसंच. बटाटा एक, रूपं दहा. सकाळी काचऱ्या, दुपारी रस्सा, रात्री उकडून भाकरीच्या पिठात मळलेला, म्हणजे पीठ कमी लागतं. सालं फेकायची नाहीत, तव्यावर तीळ-मिठात कुरकुरीत करायची. उकडलेल्या बटाट्याचं पाणी आमटीत. चैत्रात रास उपसून जे हळवे बटाटे निघतील त्यांचा कीस, तो उन्हात वाळवून डब्यात, उपासाला. पहिल्या सहा महिन्यांत मी एवढे बटाटे खाल्ले की एकदा रागाने म्हटलं, "आत्याबाई, आता मलाच मोड फुटतील!" त्या म्हणाल्या, "फुटू दे, खुडीन." असं हे घर. रडू यायचं आणि हसूही यायचं. रात्री जेवताना डोळे मिटून मी रश्शात बोंबील आहे असं मनाशी धरायची. जिभेला फसवता येत नाही.

त्याच पहिल्या वर्षी वैशाखात आत्याबाई पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "रास तेवढी बघ गं." मी बघितली. हात घातला तर दोन बटाटे मऊ, ओलसर, आणि वास. आता मला सांगा, कोळ्याच्या पोरीला टिकवायचं म्हटल्यावर काय सुचणार? आमच्याकडे जन्मापासून एकच धडा: ओल म्हणजे नासाडी. मीठ लाव आणि उन्हात घाल. बोंबील वलांडीवर टांगायचे, म्हणजे बांबूंच्या त्या आडव्या दांड्यांवर. जवळा खळ्यात पसरायचा. चार दिवसांचं कडक ऊन की वर्षाची बेगमी. मी पदर खोचला. आधी बटाटे मिठाच्या पाण्यातून धुऊन काढले, मातीचा कण ठेवला नाही. मग बादल्या भरभरून गच्चीवर नेले, जुन्या साड्या अंथरल्या आणि सगळी रास उन्हात पसरली. दिवसातून तीनदा उलटेपालटे केले. कावळे हाकलले. शेजारणी विचारायला लागल्या तर मी तोऱ्यात म्हणाले, "आता बघा, वर्षभर हलायचे नाहीत."

चार दिवसांनी बटाटे हिरवे झाले.

मला वाटलं, पिकले!

आत्याबाई गावाहून आल्या, मी अभिमानाने चादर वर केली. त्या वाकल्या, एक बटाटा उचलून उजेडाशी नेला आणि मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, बटाट्याला ऊन दाखवलंस?" मी म्हटलं, "धुतलेपण." त्यांनी कपाळाला हात लावला. हिरवा बटाटा कडू होतो, विखारी होतो, खायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. हात दाखवून अवलक्षण! दीड गोणी बटाटा त्या दिवशी वाया गेला. मला वाटलं, आता ही बाई मला माहेरी पाठवणार. पण त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुझा काय दोष? माशाची पोर तू, उन्हातच घालणार." नंतर तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या हे मी मोरीच्या दारातून बघितलं. त्या पावसाळ्यात आम्ही कीस आणि डाळीवर दिवस काढले, आणि एकदाही त्यांनी ते मला ऐकवून दाखवलं नाही.

आता ही गोष्ट घरात राहील कशी! आमच्या इथल्या बाजारात मासळी विकायला पाचूबंदरच्या बाया येतात. शेजारणीने त्यांच्यापैकी एकीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या बंदरावर झालं. वहिनीचा फोन आला. मला वाटलं, आता ही पण हसणार. ती म्हणाली, "बाय, आबा हसले गं. जेवता जेवता ठसका लागला. डोळ्यांतून पानी आलं. म्हनाले, म्हावऱ्याची पोर ती, सुकवल्याबिगर ऱ्हाईल कशी? बरोबर केलं तिनं."

बरोबर केलं तिनं. वर्षभरात त्यांनी माझ्याविषयी काढलेले हे पहिले शब्द. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन भरपूर रडून घेतलं. दीड गोणी बटाटे गेले ते सार्थकी लागले असं मला त्या दिवशी वाटलं, अजूनही वाटतं. तेव्हापासून मनात एकच धरलं. आबांनी एकदा माझ्या घरी यावं, माझ्या हातचं जेवावं. बाकी मला त्यांच्याकडून काही नको होतं.

पुढच्या शिमग्याला रास घालताना मी आत्याबाईंना भीत भीत विचारलं, "थोडे बटाटे आबांना पाठवू? बंदीत त्यांच्याकडेही काही नसतं." त्या म्हणाल्या, "इचारतेस काय? त्यांचं बी घर हाय." मग जूनच्या सुरुवातीला एक लहान गोणी भरून नवरा पाचूबंदरला नेऊन द्यायचा. आबा घेतील की नाही याची धास्ती. वहिनीने सांगितलं, घेतले! वर कायदाही काढला होता: "कच्च्याला दोष नाय. शिजवलेलं खानार नाय म्हनलं होतं मी." ते असं कधीच म्हणाले नव्हते. पाणीसुद्धा पिणार नाही म्हणाले होते. पण बापाच्या शब्दाची वकिली करायला बाप मोकळा असतो. माझे बटाटे त्यांच्या जवळ्यात शिजायला लागले. तिथे जाऊन बघायला मात्र मी नव्हते. मी गेले की आबा बोटीवर.

गोणी परत यायची. धुतलेली, वाळवलेली, चौकोनी घडी घातलेली. वहिनी म्हणायची, घडी आबा स्वतः घालतात. जाळी घडी करायची सवय असलेला हात, कडेला कड जुळलेली असायची. गोणीला सुक्या मासळीचा वास असायचा. आत्याबाई ती चिमटीत धरून गॅलरीत टांगायच्या, हात धुवायच्या आणि मला म्हणायच्या, "जा, घे हुंगून, आणि मग साबणात टाक." त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मी गॅलरीत जाऊन त्या गोणीत तोंड खुपसायची. किती बायकांना माहेर गोणीतून येत असेल?

अशी वर्षं गेली. मुलगी झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली. आबा तिचे लाड करायचे, तिला बोटीवर बसवायचे, खाऊ द्यायचे. तिला ते विचारायचेही, "आयच्या हातची भाकर जाड असते का अजून?" ती येऊन मला सांगायची. मी म्हणायची, "सांग त्यांना, येऊन बघा." ती सांगायची. ते हसायचे आणि विषय बदलायचे. मला राग यायचा, असा राग की वाटायचं जावं आणि बोटीची ताडपत्री ओढून काढावी, म्हणावं, बघू आता कुठे लपता. एवढं सोपं होतं. उठायचं, त्यांच्या पाठीशी जाऊन उभं राहायचं, आणि म्हणायचं, "आबा, चला." मी एकदाही गेले नाही. मीही त्यांचीच ना. पहिलं पाऊल त्यांनी टाकायचं, हे मी मनात कोरून ठेवलं होतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी नवऱ्याच्या कमरेत उसण भरली. गोणी पोचवायची राहिली. आठवडा गेला, दुसरा गेला. मी वालीवकडे एका गाळ्यात पॅकिंगचं काम करते. तेव्हा माल निघायचा होता, रोज ओव्हरटाइम. कामावर मोबाईल पेटीत ठेवायला लागतो. मी पहाटे पाचला उठून सगळ्यांचं करून जायची. त्या दिवशी बटाट्याचा रस्सा केला होता, काळ्या मसाल्याचा, आणि भाकऱ्या.

संध्याकाळी आठच्या सुमाराला घरी आले. दार उघडं होतं. आत्याबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "व्याही आले होते."

मला आधी कळेचना, कोणते व्याही.

"तुझे आबा. गोणी घिऊन आले होते काखेत."

मी पायातली चप्पल न काढताच आत गेले. जणू अजून कुठे बसलेले दिसतील. मोरीत एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं.

मग आत्याबाईंनी सांगितलं. दुपारी दीडच्या सुमाराला आले. नवरा कमरेच्या शेकासाठी दवाखान्यात, मुलगी कॉलेजात, घरात आत्याबाई एकट्याच. त्यांना आत्याबाईंनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण जिना चढून दम लागलेला, हातात घडी घातलेली गोणी. ओळख काय पटवायची? ते म्हणाले, "बटाटं न्याला आलोय." आत्याबाईंनी रास उघडून निवडून गोणी भरली. ते वाकून बघत राहिले, बटाटे कसे निजवलेत ते. पाणी पुढे केलं तर मान हलवली. चहाला नको. मग आत्याबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, माझ्या हातचं खाऊ नका. माझ्या सुनेनं पहाटं रांधून ठेवलंय. मी पातेल्याला हातसुदिक लावलेला न्हाई. तुमच्या पोरीचं हाय." हे ऐकल्यावर ते खाली बसले. जेवले. पुन्हा रस्सा घेतला. भाकरी दोन खाल्ल्या. पाणी प्यायले. मग भिंतीला टेकून बसून राहिले, पाच वाजेपर्यंत. आत्याबाईंनी मला पाच फोन लावले होते. फोन पेटीत होता. पाच वाजता आकाश भरून आलं तसे म्हणाले, "जातो. येन पुन्ना." गोणी खांद्यावर टाकली आणि दोन जिने उतरून गेले.

मी तशीच निघायला लागले, पाचूबंदरला. नवरा म्हणाला, "अगं, बाहेर बघ, धो धो कोसळतोय. तू सकाळपासून उपाशी. रविवारी सगळेच जाऊ. आता तर ते स्वतः आलेत, आता कसली घाई?" मला ते पटलं. हेच मला खातं. मला ते पटलं! मी हसत हसत जेवायला बसले, त्याच पातेल्यातला उरलेला रस्सा घेतला आणि आत्याबाईंना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शनिवारची सुट्टी मागून रविवारला जोडून घेतली. आबांना आवडतात म्हणून काचऱ्या करायचं ठरवलं. त्यांना काय आवडतं हे मला कुठे माहीत होतं, पण ठरवलं. शुक्रवारी सकाळी भावाचा फोन आला. आबा पहाटे तोंड धुवायला उठले आणि ओट्यावर बसले ते बसलेच.

त्यांचं तोंड मी इतक्या वर्षांनी समोरून बघितलं ते असं.

नंतर मी आत्याबाईंच्या मागे लागले. भाजी निवडताना, रास चाळताना, केस विंचरताना. काय म्हणाले? कसे बसले होते? रस्सा आवडला का? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, "फार वाखाणला हो, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या." पण ही बाई खोटं बोलणार नाही. "जेवले. बोलले न्हाईत." एवढंच. "माझं नाव काढलं?" "न्हाई बाई." "मग बसून काय करत होते?" "दाराकडं बघत होते." ते मला पुरायचं आणि पुरायचंही नाही. मला वाटायचं, आणखी काहीतरी आहे आणि ही सांगत नाही. जेवणाचं आलं की त्या नजर दुसरीकडे वळवायच्या. मीही ओळखते की त्यांना आता.

या वर्षी शिमग्याला गोण्या आल्या. आत्याबाईंना आता खाली बसवत नाही. त्या खुर्चीत, मी जमिनीवर. मी बटाटे निवडत होते आणि सवयीने पुन्हा विचारलं, "आत्याबाई, खरंच काही बोलले नाहीत जेवताना?"

त्यांनी पुन्हा नजर दुसरीकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई. व्याही रागावले होते."

माझा हात थांबला. "कशावरून?"

"रस्सा आळणी होता. माझ्या बीपीमुळं तू मीठ कमी घालतीस. दोन घास खाल्ले आन् ताटाशेजारी जमिनीवर हात आपटला. दोनदा. तोंडानं काही न्हाई. मी घाबरले. मग म्हटलं मीठ हवं असंल, म्हणून मिठाची बरणी ठेवली समोर. मग जेवले नीट. पण पहिल्यांदा आलेला माणूस असा हात आपटतो व्हय? मनात म्हटलं, अजून राग गेलेला न्हाई यांचा. म्हणून तुला..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, कसा आपटला? दाखवा."

त्यांनी खुर्चीच्या दांडीवर तळहात पालथा ठेवला आणि दोनदा थोपटल्यासारखं केलं.

आबा बाहेर कुठेही जेवले, लग्नात, हळदीला, सख्ख्या भावाच्या घरी, तरी जे पुढे येईल ते मुकाट्याने खायचे. आळणी असो, करपलेलं असो, कधी काही मागायचे नाहीत. परक्याच्या घरी मागणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मागायचे ते फक्त आपल्या घरात, आणि तेही तोंडाने नाही. आई असताना आईकडे, आई गेल्यावर माझ्याकडे. ताटाशेजारी एकदा थोपटलं की पाणी, दोनदा थोपटलं की मीठ. मी चुलीपाशी पाठ करून असले तरी मला ऐकू यायचं आणि मी मागे न बघता मिठाचं भांडं सरकवायची.

आत्याबाई घाबरून विचारत होत्या, "काय झालं गं? रागच ना तो?" मांडीवर बटाटे होते, ते सगळे जमिनीवर सांडले. मी त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "नाही हो. आबा मला मीठ मागत होते."